नळावरची क्रियापदं

मागून कुणीतरी "कट!" असं ओरडलं आणि माझ्या तोंडून "कट" असं उत्तर गेलं. मी मागे वळलेही नव्हते. जबलपूरच्या मदन महाल स्टेशनाच्या रस्त्यावर एका टेंट हाऊसच्या दारात उभी राहून मी रविवारसाठी खुर्च्या सांगत होते, आणि दुकानदार मोबाईलवर ते टिपून घेत होता. त्यानंही मान वर करून पाहिलं. "क्या कट करना है, दीदी?" तो शब्द माझाच होता आणि तरी मला तो ओळखू येत नव्हता. खूप वर्षं बंद असलेल्या घरात शिरल्यावर अंधारात हात आपोआप बटणाच्या जागी जातो, आणि मग आठवतं की इथे बटण होतं, तसं काहीसं. हात आधी गेला होता. घर कोणतं, हे अजून आठवायचं होतं.

शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. जाड काचांचा चष्मा, दोन्ही काड्यांना बांधलेली दोरी, आणि मांडीवर भाजीची पिशवी. ती माझ्याकडे पाहून हसत होती, खालचे दोन दात दाखवत. "बराबर," ती म्हणाली. "मागून पाह्यलं तं वाटलं, पार्वतीच जाऊन राहिली. चाल तिचीच हाय तुही. म्हटलं, आवाज देऊन पाहू. दुसरी कोणी असती तं पागल समजली असती मले."

चंपाबाई. आमच्या गल्लीतली, नळाला लागून असलेल्या घरातली चंपाबाई. ती जिवंत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं, आणि ती नसेल असंही कधी आलं नव्हतं. ती गल्लीच माझ्या मनात अशी होती, की तिथे कुणाचं वय वाढायचं कारण नव्हतं.

"अन् हे खुर्च्या कायले?" ती म्हणाली. "पोरीचं लग्न काढलं काय वं विनू?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, "कवर कैसा लगेगा दीदी, कलरवाला या सफेद?" मी म्हटलं, "सफेद." चंपाबाईनं मान डोलावली. "आजकाल लग्नात पांढरंच लावून राहिले. फॅशन हाय. अच्छा हाय, पण मले नाई आवडत. पार्वतीले आवडलं का? ती तं मोठी नखऱ्याची होती. कशी हाय ती? घुडघे?"

आई जाऊन तीन आठवडे होऊन गेले होते. रविवारी विहारात तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. या तीन आठवड्यांत मी 'आई गेली' हे वाक्य इतक्या वेळा, इतक्या लोकांना, हिंदीत आणि इंग्रजीत आणि मराठीत सांगितलं होतं की ते माझ्याकडून न अडखळता बाहेर पडायचं. फोनवर, दूधवाल्याला, कॉलेजात प्राचार्यांना, बँकेच्या खिडकीशी. विजय नगरच्या आमच्या घरी माणसं येत, सोफ्याच्या कडेवर बसत, बहुत अच्छी थीं आंटीजी म्हणत. मी त्यांना चहा देई, आणि आजार केव्हा कळला, कोणत्या दवाखान्यात होत्या, शुगर होती का, बीपी होता का, हे सगळं एका सरळ रेषेत सांगून टाकी. त्यांच्यापैकी कुणी तिला तरुण पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती कचेरीतून निवृत्त झालेली, स्वच्छ साड्यांची, कमी बोलणारी बाई होती. त्यांच्या लेखी जे गेलं होतं ते मला माहीत होतं, आणि त्याबद्दल बोलायला मला त्रास होत नव्हता. पण ही म्हातारी गुडघे विचारत होती, आणि ते वाक्य मला सापडेना.

"मावशी, बसू का जरा?" मी म्हटलं.

तिनं पिशवी सरकवून जागा केली. पायरी उन्हानं कोमट झाली होती. तिच्या अंगाला अजून तोच वास होता, जर्द्याचा आणि ओल्या तेंदूपानांचा. बिड्या वळणं सोडून तिला कितीतरी वर्षं झाली असणार, तरी तो वास लुगड्यातून गेला नव्हता, की मलाच तो भासत होता कोण जाणे. हा वास आला की माझ्या डोळ्यांसमोर आधी हात येतात. टेकडीच्या खडकांखालच्या त्या गल्लीत दुपारी बायका ओसरीवर गोल करून बसत. मांडीवर सूप, सुपात पानं. एकजण पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं पान कापी, दुसरी जर्दा भरून वळी, तिसरी दोरा गुंडाळून तोंड दुमडी. काम वाटून घेतल्यावर हात मोकळे होत नसत, पण तोंडं मोकळी राहत. सगळ्या विदर्भातून आलेल्या, कुणी भंडाऱ्याकडची, कुणी वर्ध्याकडची. राज्यांच्या सीमा ठरल्या तेव्हा त्यांची गावं खाली महाराष्ट्रात राहिली होती आणि त्या इकडे. नवरे कारखान्यांत, गोदामांत, कचेऱ्यांत. आमचे बाबा, अंबादास, एका सरकारी कचेरीत चपराशी होते. मला ते आठवतात ते सायकलची चेन साफ करताना, तोंडात खिळा धरल्यासारखा दोरा धरून. कावीळ झाली आणि पंधरवड्यात ते गेले. मी तेव्हा सहावीत होते. हिंदी शाळेत सहावीपासून इंग्रजी सुरू होई, म्हणून ते वर्ष मला बाबांचं वर्ष म्हणून आठवत नाही, एबीसीडीचं वर्ष म्हणून आठवतं. याचं मला नंतर फार नवल वाटत आलं आहे.

मोठे बाबा गावाहून आले ते आम्हाला न्यायलाच. गुलाबराव त्यांचं नाव. बाबांचे थोरले भाऊ. वाईट माणूस नव्हता. ओसरीवर उकिडवे बसून ते आईला म्हणाले, "पार्वती, इथं कोण हाय तुमचं? पोरगी वयात येऊन राहिली. गावी दोन खोल्या हायेत. शेतावर ये, दोन घास खा, पोरीचं पाहून टाकू." आतून गल्लीतल्या भीमाबाईचा आवाज आला, ती आमच्यासाठी भाकरी घेऊन आली होती, "आमी कोणी नाई वाटते?" मोठ्या बाबांनी खाली पाहिलं. म्हणाले, "तसं नाई म्हणत मी, बाई." कचेरीतल्या बड्या बाबूनं सांगितलं होतं की नवऱ्याच्या जागी बायकोला घेता येईल, पण आठवी पास पाहिजे. आई गावच्या शाळेत चौथी झाली होती, मराठीतून. प्रायव्हेट बसायचं तर हिंदीतून बसायचं, आणि इंग्रजीचा पेपर द्यायचा. मोठे बाबा उन्हाळ्यापर्यंत थांबायला कबूल झाले. "पास झाली तं राहा. नाई तं मी गाडी घेऊन येतो," म्हणाले. त्या गाडीची मला धास्ती बसली होती. माझी शाळा, टेकडी, गल्ली, सगळं त्या गाडीत बसून गोंदियाला जाणार आणि तिथून पुढे आणखी कुठे, असं मला रोज वाटे.

आईची अडचण अशी की इंग्रजीला जाण्यासाठी तिला आधी हिंदीला जावं लागे. माझ्या कुंजीत, म्हणजे गाइडमध्ये, लिहिलं होतं, ज्या वाक्यांच्या शेवटी ता है, ती है, ते हैं येतं तो वर्तमानकाळ. था, थी, थे, आ, ई, ए आलं की भूतकाळ. मी ते पाठ म्हणून दाखवी. आई म्हणे, "मी पाणी भरून राहिली, हे कशात गेलं?" मी म्हणे, आधी हिंदीत कर. ती डोळे मिटून हिंदीत करी, आणि तिथेच दमे. गावी जायचं तर जबलपूरहून छोट्या लाइनीनं गोंदिया, तिथे उतरून, फलाटावर रात्र काढून, मोठ्या गाडीत बसायचं. तिचं इंग्रजी तसंच दोन गाड्यांचं होतं, आणि दर वेळी तिची दुसरी गाडी सुटलेली असे. क्रियापदांची रूपं तर तिच्या डोक्यात राहतच नसत. गो, वेंट. सी, सॉ. ब्रिंग, ब्रॉट. सकाळी पाठ केलं की संध्याकाळी सगळं एकात एक मिसळलेलं. "हंड्यात डाळ, तांदूळ, राख सगळं एकच करून ठेवलं मी," असं म्हणून ती हसे, आणि हसताना माझ्याकडे पाहत नसे.

एका दुपारी मी ओसरीवर बसून ती यादी मोठ्यानं म्हणत होते आणि बायका बिड्या वळत होत्या. आई पानं कापत होती, चुकत होती. भीमाबाई, जी जाडी होती आणि रानातून लाकडाच्या मोळ्या आणायची, दोरा दातानं तोडून म्हणाली, "एकटीनं सगळी बिडी कोणी बनवते काय? वाटून घेऊ ना. मले दोन दे." कुणाला हसू आलं नाही. काम वाटून घेणं त्यांना इतकं सवयीचं होतं की क्रियापदं वाटून घेण्यात त्यांना काही विचित्र दिसलं नाही. मी म्हटलं, "मावशी, ब्रिंग–ब्रॉट घ्या. आणणे." "हा, हे बराबर हाय माह्यासाठी," ती म्हणाली, आणि बिडी गुंडाळता गुंडाळता म्हणत राहिली, ब्रिंगब्रॉट, ब्रिंगब्रॉट, जशी एखादी पक्षीण. सत्यवतीनं गो–वेंट मागून घेतलं. तिचा नवरा भिलाईला कामाला गेला होता तो दोन होळ्या झाल्या तरी आला नव्हता. तिनं तेच का मागितलं हे तेव्हा मला कळलं नाही, एवढंच दिसलं की 'वेंट' ती फार जोरात म्हणायची आणि मग दोरा एक वेढा जास्तच गुंडाळायची. अशी एकेकीनं एकेक घेतली. चंपाबाई त्या दिवशी रेशनच्या रांगेत होती. ती आली तेव्हा चांगली चांगली संपली होती, आणि पानं कापण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती, म्हणून मी तिला कट दिलं.

"कट," ती म्हणाली. "अन् दुसरं?"

"दुसरंही कटच."

"म्हणजे?"

"ते बदलत नाही, मावशी."

तिनं सूप खाली ठेवलं. "सगळ्याइले दोन-दोन, अन् मलेच एक? काहून? मी उशिरा आली म्हणून उरलंसुरलं?" भीमाबाईनं समजूत घातली, पाठ करायला सोपं आहे म्हणून. त्यानं ती जास्तच पेटली. "मी काय डोक्यानं कमी हाय? बदलून दे पोरी." पण ज्यांना मिळाली होती त्यांनी आपली सोडली नाहीत. आठवडाभर चंपाबाई माझ्याशी बोलली नाही.

पुढची गोष्ट नळावरची. ती कुणी सुरू केली ते मला माहीत नाही; कदाचित भीमाबाईनंच. पहाटे नळाला पाणी येई आणि तास-दीड तासात जाई. भांड्यांची रांग लागे. आई आपली गुंडी, पाण्याची घागर, घेऊन आली की रांगेतली प्रत्येकजण आपल्या क्रियापदाचं पहिलं रूप तिच्या अंगावर टाकी, आणि आईनं दुसरं सांगायचं. चुकली तर गुंडी एक जागा मागे. चेष्टा नव्हती, पाणी खरंच कमी होतं आणि गुंडी खरंच मागे जाई. मी पाटी-दप्तर घेऊन कडेला उभी असे. "ब्रिंग!" "ब्रॉट." "गो!" "गो... गोड—" "अवं गोड कायचं? सर मांगं!" हशा, गुंडीचा दगडावर घासल्याचा आवाज, आणि आईच्या मानेवर लाल झालेला पट्टा. ती चिडायची. एकदा म्हणाली, "मले तहान लागली त इंग्रजी येते का?" तर सत्यवती म्हणाली, "पेपरात तरी कोण पाणी पाजणार हाय तुले?" थोड्या दिवसांनी त्या तिला रस्त्यात कुठेही गाठायला लागल्या. दळणाच्या गिरणीत, विहाराच्या दारात, एकदा तर वंदना संपता संपता, साधू साधू म्हणून हात खाली यायच्या आत भीमाबाईनं मागून "ब्रिंग" म्हटलेलं मला आठवतं, आणि आईचे खांदे हसण्यानं हलत होते. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली होती. मला मात्र तेव्हा त्याचा राग आला होता.

आणि मग अशी एक सकाळ आली. आई रात्री रडली होती, डोळे सुजले होते, आणि नळावर ती एकेक चुकत गेली. गुंडी मागे, आणखी मागे. कुणी हसेना. तेव्हा मागून चंपाबाई आली, दोन जणींना कोपरानं बाजूला करून पुढे झाली आणि आईच्या तोंडासमोर ओरडली, "कट!" आई म्हणाली, "कट." "बराबर! सर पुढं." त्या दिवसापासून चंपाबाई रोज सगळ्यांच्या आधी ओरडायची. पहिलं उत्तर बरोबर आलं की आईला पुढची सुचत. आपल्याला उरलंसुरलं मिळालं हे तिनं नंतर कधी म्हटलं नाही.

"...अन् ते पेपराचं तं सांगितलं का तिनं तुह्या पोरीले?" चंपाबाई म्हणत होती. किती वेळ बोलत होती कोण जाणे. दुकानदार आतल्या पोराला दऱ्या-सतरंज्या मोजायला सांगत होता. एक मालगाडी स्टेशनातून जात होती आणि पायरी बारीक थरथरत होती. "हसून हसून पोट दुखलं होतं आमचं."

सांगितलं नव्हतं. आईनं मीराला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मीराला मराठी कळतं, ती उत्तर हिंदीत देते. आजी आणि नात दोन काठांवरून बोलत आणि दोघींना त्यात काही कमी वाटत नसे. पण ते पेपराचं मला आठवत होतं. आई घरी आली ती सरळ चुलीसमोर बसली. म्हणाली, "नापास." वाक्यं करायची होती, हिंदीतून इंग्रजीत. राम बाजार गया. तर 'वेंट' म्हटलं की तिला राम दिसेना. वेंट सत्यवतीचं होतं. तिनं लिहिलं, सत्यवती वेंट टू बाजार. नोकर पानी लाया, तिथे भीमाबाई ब्रॉट. माळी, राजा, शिक्षक, सगळ्यांना खोडून तिनं त्यांच्या जागी गल्ली बसवली होती. खोडलं कशाचं, ते तिच्या हातून मुळात उतरलंच नव्हतं. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं. "तपासणाऱ्याले काय वाटन वं? म्हणन कोण ह्या बाया?" सत्यवतीला ते कळल्यावर ती आनंदानं लाल झाली. "माहं नाव गेलं पेपरात? सरकारात?" कुणी तपासला तो पेपर माहीत नाही. त्यानं काय विचार केला असेल, याचा मी पुढे कितीदा विचार केला. पास होण्यापुरते गुण मिळाले. माझ्या कटमुळेच, असं चंपाबाई महिनाभर सांगत होती. मोठे बाबा उन्हाळ्यात आले, एक दिवस राहिले, सायकल दुरुस्त करून दिली आणि एकटेच परत गेले.

"मग ती बाईसाहेब झाली," चंपाबाई म्हणाली. तिच्या आवाजात चिडवणं होतं, पण ते पूर्ण भरलं नाही. "इस्त्रीची साडी. हातात डबा. आमी म्हटलं, आता कायले तिले त्रास द्या? आता का नळावर आडवाव तिले? चांगलं दिसते का ते?"

तो दिवसही मी पाहिला होता. आई नोकरीवर जायला लागली त्या पहिल्या सकाळी रांग आपोआप फुटली आणि तिच्या गुंडीला वाट मिळाली. सत्यवती म्हणाली, "भरून घ्या बाई, उशीर होईन." भरून घ्या. काल तिनंच तिला सर मांगं म्हटलं होतं. आई एकेकीकडे पाहत राहिली. ती तयार होती. रात्री झोपताना सगळी रूपं म्हणून झोपली होती, मी ऐकलं होतं. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांत आधी भरलेली गुंडी घेऊन ती घरी आली, ती खाली न ठेवता कमरेवरच धरून दारात उभी राहिली. कितीतरी वेळ. पुढल्या वर्षी कचेरीचं क्वार्टर मिळालं आणि आम्ही गेलो. मग बदल्या, मग माझं कॉलेज, मग विजय नगरचं घर. गल्लीत ती परत गेली नाही. का नाही, हे मी विचारलं नाही. त्यांना वाटलं ती पुढे गेली. तिला काय वाटलं असेल, ते तिनं कमरेवरून कधी खाली ठेवलं नाही.

"खरं सांग," चंपाबाईनं चष्मा वर केला. काचांमागचे डोळे फार मोठे आणि पाणीदार होते. "विसरली ना ती आमाले?"

मला हो म्हणता आलं असतं. घरात तिच्या तोंडून तुमची नावं मी ऐकली नाहीत, असं म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण मला एकदम आमचं स्वयंपाकघर दिसलं. आई ओट्यापाशी, फिल्टरच्या तोटीखाली बाटली धरून. पाणी बारीक धारेनं पडे आणि बाटली भरायला वेळ लागे. तिचे ओठ हलत असत. मी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि ती वंदना म्हणते आहे असं धरून चालले होते. मीरानं एकदा विचारलंही होतं, "नानी, क्या बोल रही हो?" आई म्हणाली होती, "काही नाही, पाणी भरून राहिली." आणि एकदा, बाटली भरून वाहायला लागली तरी तिनं तोटी बंद केली नव्हती. ती कुणाच्या तरी पुढच्या शब्दाची वाट पाहत होती.

मी हे चंपाबाईला सांगितलं. जसं दिसलं तसं, ओट्यासकट, बाटलीसकट. ती ऐकताना तोंड थोडं उघडं ठेवून होती. मग तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. "लबाड बाई! एकटीच म्हणून राहिली काय? अन् आमी इथं..." तिला हसू आवरेना, खोकला आला, खोकल्यातून ती म्हणाली, "थांब. सांगू नको तिले. रविवारी मी भीमाले आणतो. तिले दिसत नाई आता, पण तोंड शाबूत हाय. सत्यवती गेली बिचारी, मागच्या पावसाळ्यात. पण आमी दोघी येतो. लग्नाच्या मांडवात सगळ्या पाहुण्याइसमोर आडवतो तिले. पाहू काय करते ते. ए भैया!" तिनं दुकानदाराला हाक मारली. "एक दरी भी डालना सामने। हम बुढ्ढी लोग कुर्सी पे नहीं बैठते।"

"डाल देंगे अम्मा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं कार्यक्रम कशाचा ते. तो काही बोलेल असं मला वाटलं आणि मी घाईनं बोलले.

"मावशी, लग्न नाही. आई गेली. जानेवारीत."

तिचा हात अजून दुकानाच्या दिशेला होता. तो तिनं हळूहळू खाली आणला आणि पिशवीवर ठेवला. रस्त्यावरून एक ई-रिक्षा गाणं वाजवत गेली. मी पुढचं सांगायला लागले, ते सगळं सरळ रेषेतलं, केव्हा कळलं, कुठे नेलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की ती त्यातलं काही ऐकत नाही. ती कुठेतरी दुसरीकडे, एखादं काम कुणी केलं असेल ते शोधत असल्यासारखी समोर पाहत होती.

"आंघोळ कोणं घातली?" तिनं विचारलं.

"मी. माझी मुलगी होती. आणि शेजारच्या एक बाई."

"पाणी कसं होतं?"

मला समजलं नाही.

"जानेवारीत गेली ना? थंडी होती. तिले गार पाणी सोसत नव्हतं, पाठीवर पडलं की धाप लागे. अंबादास गेला त्या दिवशी आमी घातली तिले आंघोळ, तं भीमानं गार ओतलं, अन् असा श्वास कोंडला तिचा! मीच मग घरून तापवून आणलं." ती माझ्याकडे वळली. "गरम होतं का?"

इतके दिवस इतक्या माणसांनी इतकं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मला न्हाणीघर आठवलं, लादीवर पाट, बाहेर थांबलेली पुरुष मंडळी, आणि घाई करणारा कुणाचा तरी आवाज. मी तांब्या उचलला होता. मीरानं बादलीत कोपर बुडवलं, लहान मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं, आणि म्हणाली, "ठंडा है मम्मी, रुको." ती गिझर लावून आली. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मीराकडे. आम्ही तिघी तिथे उभ्या राहिलो, तिच्या भोवती, पाणी तापेपर्यंत.

"कोमट होतं," मी म्हटलं. "मीरानं थांबवलं आम्हाला."

"मग बरं," चंपाबाई म्हणाली. "मग बरं झालं."

तिनं चष्मा काढला. मग पदर तोंडावर घेऊन ती मोठ्यानं रडायला लागली, भर रस्त्यात, गल्लीतल्या बायका रडत तशी, आईचं नाव घेऊन. जाणारे थांबून बघत होते. दुकानदारानं आतला पंखा बंद केला, का ते मला माहीत नाही. मी तिच्या शेजारी बसून होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की दुसराही आवाज येतो आहे, आणि तो माझा आहे.